दोष मान्य

मी दारावरची बेल विकतो. बनवतोही मीच. ती चिवचिव करणारी किंवा सिनेमातलं गाणं म्हणणारी प्लॅस्टिकची बेल नव्हे. तसली बेल ऐकली की मला दारात उभ्या असलेल्या माणसाचीच कीव येते. माझी बेल जुन्या पद्धतीची आहे. लाकडी पेटी, आत तांब्याच्या तारेची कॉइल, कॉइलमध्ये सरकणारी एक दांडी आणि दांडीच्या दोन टोकांसमोर पितळेच्या दोन पट्ट्या. बटण दाबलं की दांडी एका पट्टीवर आपटते, टिंग. बटण सोडलं की स्प्रिंग तिला मागे ढकलते आणि ती दुसरीवर आपटते, टाँग.

लोकांना वाटतं टिंगटाँग हा एकच आवाज आहे. तो एक नाही. टिंग बोट टेकल्याचा आणि टाँग बोट उचलल्याचा. मधे किती वेळ जायचा ते दाबणाऱ्यावर असतं. वसुली करायला आलेला माणूस बटणावर रेलतो, त्याचा टाँग येता येत नाही. उधार मागायला आलेला शेजारी बोट लावतो न लावतो. माझी बायको किल्ली विसरली की इतकं झटकन दाबायची की दोन्ही सूर एकमेकांच्या अंगावर पडायचे. ‘वाजवली की काय चोरून,’ असं मी म्हणायचो. ती गेल्यापासून तो आवाज घरात झालेला नाही. मी तसा दाबून पाहिला, पण मला जमत नाही.

ऑनलाइन दुकानही तिनेच उघडलं. माझं दुरुस्तीचं दुकान बसलं तेव्हा मी हातपाय गाळून बसलो होतो आणि ती मोबाइल घेऊन खिडकीशी बसली. बेलचे फोटो तिने काढले, किंमत तिने ठरवली आणि वर्णनही तिनेच लिहिलं. पितळ किती, बॅटरी कुठली, हे सगळं मी सांगितलं ते तिने खाली बारीक अक्षरात टाकलं. वर मोठ्या अक्षरात स्वतःच्या मनाचं एक वाक्य ठोकून दिलं: ‘दारात कुणी आलं, तर कळणारच.’ मी म्हटलं, हे काय वर्णन झालं? ती म्हणाली, बेल आणखी कशासाठी घेतात?

तर आता मी एकटाच तार गुंडाळतो, एकटाच पेट्या रंगवतो. पॅक करण्याआधी प्रत्येक बेल मोबाइलसमोर तीनदा वाजवतो आणि त्याचा व्हिडिओ ठेवून देतो. ही सवय हौसेची नाही, ठेच लागून लागलेली आहे. एका गृहस्थांनी माझी नवी बेल ठेवून घेतली आणि तिच्या खोक्यात घरची जुनी मोडकी बेल घालून परत पाठवली. दुसऱ्या एका बाईंनी चांगली वापरून झाल्यावर भिंतीला रंग जुळत नाही म्हणून परत केली आणि कारण मात्र ‘सदोष वस्तू’ असं निवडलं. दोन्ही वेळा मी भांडलो आणि दोन्ही वेळा हरलो, कारण माझ्याकडे पुरावा नव्हता. माझ्या दुकानाच्या नावापुढे दोन लाल खुणा लागल्या. तिसरी लागली की दुकान तीन महिने बंद, असा त्या ऑनलाइन बाजाराचा नियम आहे.

बंद म्हणजे पैशाचं नुकसान, ते आहेच. पण एकट्या माणसाला कितीसं लागतं. खरी गोष्ट मी कुणाला सांगत नव्हतो. रोज संध्याकाळी पार्सलवाला येतो. तो पायानं थोडा अधू आहे, जिना चढून आला की एक हात भिंतीला टेकतो आणि त्याच हाताच्या अंगठ्यानं बटण दाबतो. टिंग. मग त्याचा दम खाऊन होतो. मग टाँग. ‘काका, आहे का काही?’ माझ्या घराची बेल दिवसातून तेवढी एकदाच वाजते. कधी एकही ऑर्डर नसली तर मीच एखादी बेल मेव्हण्याच्या पत्त्यावर पाठवून द्यायचो. मेव्हण्याच्या घरी आता संडासालाही बेल आहे.

अशात एका बाईंची तक्रार आली. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. बेल वाजत नाही.’

माझं डोकंच फिरलं. मी त्या बेलचा व्हिडिओ शोधला. तिन्ही वेळा स्वच्छ वाजत होती. तो पाठवला आणि खाली लिहिलं की आमच्याकडची प्रत्येक वस्तू तपासूनच जाते, बॅटरी उलटी घातली असेल तर पाहावी. उत्तर आलं, बॅटरी सुलट आहे. मी विचारलं, बटणाची तार निघाली आहे का? उत्तर आलं, नाही. मी लिहिलं, मग वाजत नसल्याचा व्हिडिओ पाठवा. मनात म्हटलं, आता बघू कसा पाठवतेस.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. दाराची चौकट, चौकटीवर माझं बटण आणि एक म्हातारा हात. बोट बटणावर गेलं आणि बेल वाजली. खणखणीत वाजली. टिंग झाल्यावर बोट बराच वेळ तसंच राहिलं, जणू सोडायचं विसरलं होतं, आणि मग टाँग. व्हिडिओ संपला. मी खुर्चीत बसून मोठ्यानं हसलो. वाजत नाही याचा पुरावा म्हणून वाजणाऱ्या बेलचा व्हिडिओ! इतक्या वर्षांत असलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं.

खाली तिनं लिहिलं होतं, ‘आत्ता वाजली. पण गेल्या रविवारी वाजली नाही. तुम्ही लिहिलंय की दारात कुणी आलं तर कळणारच. मला कळलं नाही.’

ते वाक्य माझ्या बायकोचं होतं, त्यामुळे मला ते जास्तच लागलं. पितळ कमी आहे म्हणाली असती तर चाललं असतं.

मी बाजाराच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलायची आणि काहीच करायची नाही. ती म्हणाली, सर, ग्राहकाचं म्हणणं आहे की दोष मधूनमधून येतो, तेव्हा एका व्हिडिओवर निकाल लागणार नाही. ग्राहकाने स्वतः कॅमेऱ्यासमोर ‘बेल नीट चालते’ असं सांगितलं तर तक्रार लगेच रद्द होईल. नाहीतर आठवड्याअखेर निकाल ग्राहकाच्या बाजूने जाईल. मी विचारलं, आणि मी स्वतः जाऊन तपासली तर? ती जरा गोंधळली. असं अजून कुणी विचारलं नव्हतं म्हणे.

पार्सलवर पत्ता होताच. बसने सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचता येत होतं. मी हत्यारांची पिशवी भरली, मोबाइल चार्ज केला आणि निघालो. वाटेत सगळा संवाद मनात जुळवत होतो. नमस्कार बाई, मीच तो विक्रेता, हे बघा बटण, हे मी दाबलं, ही वाजली, आता या कॅमेऱ्यात बघून तेवढं सांगा. घरी परत येताना खिडकीची जागा मिळाली तर बरं, एवढीच मला काळजी होती.

चौथा मजला, लिफ्ट नाही. जिन्यात कुणीतरी सायकल बांधून ठेवली होती, ती ओलांडून वर गेलो. दारावर नावाची पाटी होती, पण अक्षरं पुसट झाली होती. बटण मात्र नवं, माझं. धाप ओसरेपर्यंत थांबलो आणि मग दाबलं. मी नेहमी तपासताना दाबतो तसंच. दांडी पट्टीला नीट टेकली याची बोटाला खात्री पटली की सोडायचं. टिंग, टाँग. आत कुठेतरी सुरेख घुमली. कारागिराला आपला माल भिंतीवर लागल्यावर ऐकायला मिळत नाही. मला क्षणभर अभिमान वाटला.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी पडलं. चपला फरफटत घाईघाईने येऊ लागल्या आणि त्यांच्यापुढे आवाज आला.

“आले, आले. जाऊ नकोस रे. आले मी.”

कडी लवकर निघेना. आतल्या बाजूला ती कडीशी झटापट करत होती आणि तोंडाने, थांब, जाऊ नकोस, थांब, चालूच होतं. दार उघडलं तेव्हा एक म्हातारी बाई माझ्याकडे बघत उभी होती. केस नीट विंचरलेले, साडी इस्त्रीची. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघून हळूहळू गेलं. मला अपराध्यासारखं वाटलं. मी काही केलेलं नव्हतं, फक्त मी दुसराच कुणीतरी होतो.

मी बेलवाला म्हणून ओळख सांगितली. ती म्हणाली, होय का, या. कुणी परका माणूस बस पकडून बेल बघायला आला याचं तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. बेल बिघडली की माणूस यायचाच, असा तिचा हिशोब होता. मला तो आवडला.

खोली लहान आणि टापटीप. दारापासून हातभर अंतरावर एक वेताची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली, शेजारच्या स्टुलावर चष्मा आणि पाण्याचा तांब्या. तांब्याच उठताना लवंडला होता. ती फरशी पुसेपर्यंत मी बेल भिंतीवरून उतरवली. झाकण काढलं. कॉइल ठीक, स्प्रिंग ठीक, दांडी लोण्यासारखी सरकत होती. बॅटरी भरलेली. तारा घट्ट. माझ्या हातची इतकी बिनचूक बेल मी स्वतः क्वचित पाहिली असेल. मी विचारलं, रविवारी नक्की काय झालं?

तिनं चहा ठेवला आणि सांगू लागली. रडगाणं नव्हतं ते. डॉक्टरला लक्षणं सांगावीत तसं क्रमानं सांगत होती. मुलगा दुसऱ्या गावी असतो. कामासाठी त्याची इकडून ये-जा असते. आधीची बेल मोडकी होती, त्यामुळे चुकामूक व्हायची, म्हणून शेजारच्या मुलीकडून ही मागवून घेतली; तक्रार आणि व्हिडिओही तिच्याच मोबाइलवरून. रविवारी दुपारी येतो म्हणाला होता. स्वयंपाक उरकून ती त्या खुर्चीत बसली. नळाचं पाणी आलं तरी भरायला उठली नाही. अंधार पडल्यावर त्याचा फोन आला.

“म्हणाला, आई, मी आलो होतो. दोनदा बेल दाबली. तू उघडलंच नाहीस. झोपली असशील म्हणून गेलो.” तिनं कप माझ्यापुढे ठेवला. “भाऊ, माझा रात्री डोळा लागत नाही, दुपारी कुठला लागणार? मी इथंच होते. बेल वाजलीच नाही.”

मी विचारणार होतो, मग त्यानं दारावर थाप का नाही मारली? हात मोडला होता का? पण तीच म्हणाली, शेजारी झोपतात दुपारचे, तो कधी दार ठोठावत नाही, लहानपणापासून शहाणा आहे. आणि फोन करावा तर त्याच्या फोनची बॅटरी उतरली होती. मी न विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. म्हणजे ते प्रश्न तिने आधी स्वतःला विचारून झाले होते.

“मी दाबते तेव्हा वाजते,” ती म्हणाली. “तो दाबतो तेव्हा वाजत नाही. असा दोष असतो का हो?”

माझ्या एका हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि दुसऱ्या हातात ती निर्दोष बेल. मला सगळं कळून चुकलं. बेल चांगली असेल तर मुलगा आलाच नव्हता. मी जे सिद्ध करायला एवढा प्रवास करून आलो होतो ते सिद्ध केलं की या खोलीत दुसरंही एक सिद्ध होणार होतं. त्या मुलाचा मला विलक्षण राग आला. येत नाही तर नाही म्हण. माझ्या बेलच्या गळ्यात कशाला बांधतोस?

ती माझ्या हातांकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. खिशात मोबाइल होता. तेवढं एक वाक्य म्हणा बाई, असं म्हणायचा अवकाश होता. ती म्हणालीही असती, कारण बेल वाजतेच आहे हे ती नाकारत नव्हती. दुकान वाचलं असतं. संध्याकाळी पार्सलवाला भिंतीला हात टेकून उभा राहिला असता.

“सापडला का दोष?” तिनं विचारलं.

“सापडला,” मी म्हणालो.

मग बोलावंच लागलं. म्हणालो, ही आतली तार आहे ना मावशी, ती सैल राहिली आहे. दुपारी हवा तापली की ती जागेवरून सुटते आणि बटण दाबलं तरी दांडी हलत नाही. गार झालं की आपोआप बसते. म्हणून तुम्ही दाबता तेव्हा वाजते. चूक माझी आहे. आयुष्यात माल खपवायला मी कधी खोटं बोललो नाही, आणि त्या दिवशी स्वतःच्या चांगल्या मालाची बदनामी करताना शब्द असे भराभर सुचले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. मी एक घट्ट स्क्रू सैल केला आणि पुन्हा घट्ट केला.

ती वेताच्या खुर्चीत टेकली.

“म्हणजे आला होता तो,” ती म्हणाली.

“आला असणार.”

“चार जिने चढून आला आणि तसाच गेला.” तिनं पदरानं चष्मा पुसला. “उपाशीच गेला असेल. आणि मी फोनवर त्याला नाही नाही ते बोलले.”

मला तिथे बसवेना. पण चहा अर्धा होता, आणि ती इतकी हलकी झाली होती की तिला बोलायचं होतं. मुलगा लहानपणी कसा जिना चढताना पायऱ्या मोठ्याने मोजायचा, ते सांगितलं. मग मीही बोललो. किती दिवसांनी कुणाशी बसून बोलत होतो कोण जाणे, माझाच आवाज मला जाड वाटत होता. मी तिला टिंग आणि टाँगमधली गंमत सांगितली. पार्सलवाल्याचा दम सांगितला, बायकोचं ते चोरून वाजवणं सांगितलं. तिला ते फारच आवडलं. मी बेल परत भिंतीवर लावली तशी तिनं मला बाहेर पाठवून बटण दाबायला लावलं, आणि आत बसून डोळे मिटून ऐकलं.

“तुमचं अगदी सरळ आहे,” ती म्हणाली. “मापानं दाबल्यासारखं. आता मला न बघता कळेल कोण आलंय ते. माझ्या मुलाचंही कळेल. हा अधीर आहे, हा पटकन सोडत असणार.”

मी पिशवी आवरली आणि निघालो. दोन जिने उतरल्यावर डोक्यात प्रकाश पडला. शहाण्या माणसा, तू बेल ‘दुरुस्त’ करून आलास. आता पुढच्या रविवारी काय होणार? आता बेलला दोष देता येणार नाही. मी तसाच धापा टाकत परत वर गेलो आणि बटण दाबलं. तिनं लगेच दार उघडलं.

“मावशी, जुन्या पद्धतीची वस्तू आहे. हवेचा भरवसा नाही. पुन्हा दगा देऊ शकते. कधी वाजली नाही तर दुसरं काही मनात आणू नका, मला फोन करा. मी येईन.” मी नंबर दिला.

“एवढ्या लांबून?”

“गॅरंटी आहे,” मी म्हणालो. माझ्या मालावर गॅरंटी कधीच नव्हती.

घरी येऊन मोबाइल उघडला. तक्रारीखाली दोन चौकटी होत्या, ‘दोष अमान्य’ आणि ‘दोष मान्य’. मी मान्य दाबली. कारण विचारलं तेव्हा लिहिलं, विक्रेत्याची चूक. लगेच दुकानाच्या नावापुढे तिसरी लाल खूण आली आणि पाटी लागली, ‘हे दुकान सध्या बंद आहे.’ बायकोनं काढलेले फोटो करडे पडले. तिचं ते वाक्यही करडं पडलं, पण वाचता येत होतं.

आधीच्या ऑर्डरचं शेवटचं पार्सल न्यायला पार्सलवाला आला तेव्हा त्याला सांगितलं, उद्यापासून चढू नकोस, काही दिवस माल नाही. त्यानं विचारलं, तब्येत वगैरे ठीक ना, काका? मी म्हटलं, तब्येतीला काय धाड भरली आहे. तो म्हणाला, बरं, तेवढाच माझा एक जिना वाचला. चांगला माणूस आहे, त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण मला वाटलं होतं की त्याला थोडं तरी वाईट वाटेल.

मग संध्याकाळी लांबू लागल्या. मी तार गुंडाळायचो, पेट्या रंगवायचो, बेल तयार करून कपाटात ठेवायचो. तीनदा वाजवून बघायची सवय सुटली नाही, व्हिडिओ मात्र कुणाला दाखवायचा म्हणून काढायचो नाही. एकदा पार्सलवाल्याच्या वेळेला मी बाहेर जाऊन माझंच बटण दाबलं, आणि तसाच जिन्यात उभा राहिलो. आत कुणी नव्हतं. बाहेरून दाबणारा आणि आत ऐकणारा एकच असला की त्या वस्तूचा काही उपयोग नाही, मग तिच्यात कितीही पितळ घाला. मी आत येऊन दार लावलं आणि रडलो. इतक्या दिवसांत बायकोसाठी रडलो होतो, पण त्या दिवशी स्वतःसाठी रडलो.

तिची आठवण यायची. त्या म्हाताऱ्या बाईची. तक्रार मिटली तशी ग्राहकाला निरोप पाठवायची सोयही बाजाराने बंद केली होती. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता, माझा तिच्याकडे होता. रविवारी मी मोबाइल जवळ ठेवून बसायचो. वाजला नाही की समजायचो, आला वाटतं मुलगा. तिच्यासाठी बरं वाटायचं. अगदी खरं सांगायचं तर पूर्ण बरं वाटत नव्हतं.

आणि एका सोमवारी सकाळी फोन आला.

“भाऊ,” ती म्हणाली. मागे नळ वाहत होता, तो तिनं बंद केल्याचं ऐकू आलं. “काल रविवार होता.”

“हो.”

“बेल वाजली नाही.”

मुलगा काय म्हणाला, त्यानं फोन केला का, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी म्हटलं, हवा तापली असेल, मी येतो. ती म्हणाली, सावकाश या, घाई नाही, दुपारी जेवायलाच या.

मी कपाटातली सगळ्यात चांगली बेल घेतली, हत्यारांची पिशवी घेतली, धुतलेला शर्ट घातला. बसमध्ये खिडकी मिळाली नाही. जिन्यात ती सायकल अजून तशीच होती. चौथ्या मजल्यावर धाप ओसरेपर्यंत थांबलो. एकदा वाटलं, झटकन दाबावं, दोन सूर एकमेकांच्या अंगावर पडतील असं, अधीर माणसासारखं. निदान दार उघडेपर्यंत तरी तिला मुलगा आल्यासारखं वाटेल. बोट बटणापर्यंत गेलंही. पण ते मला जमत नाही, आणि ते करायचा मला हक्क नव्हता.

मी नेहमीसारखं दाबलं. टिंग, टाँग. बेल खणखणीत वाजली.

आत खुर्ची सरकली नाही, काही पडलं नाही. चपला आल्या त्याही संथ, एकेक करून. जाऊ नकोस, असं कुणी म्हणालं नाही.

“आले हो भाऊ,” ती आतून म्हणाली. “थांबा.”

मला बरं वाटलं, आणि तिनं मला इतक्या सहज ओळखलं याचं फार वाईटही वाटलं. मी पिशवी खाली ठेवली आणि थांबलो.